टो फ्लोट: ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी घ्यावा का?

टो फ्लोट म्हणजे समुद्रात पोहताना कमरेला बांधून मागे ओढायचा हवेचा फुगा, पोहणारा दुरून दिसावा म्हणून. ब्रँडचं नाव लिहीत नाही. ऑनलाइन शोधलंत तर एकाच साच्यातून काढल्यासारखे दहा नावांचे टो फ्लोट दिसतील, किंमत हजार-बाराशेच्या आसपास. माझा नारिंगी आहे, वीस लिटरचा. हवेचे दोन कप्पे आणि मध्ये सामानाची पिशवी. कमरेला पट्टा, आणि त्या पट्ट्यापासून फुग्यापर्यंत एक नायलॉनची पट्टी. जे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, त्यांना कल्पना नवी वाटणार नाही. फक्त डबा आपल्याला वर धरायचा, हा नुसता मागून येतो.

घेण्याआधी मी वाचलेले सगळे अभिप्राय क्रॉलवाल्यांचे, म्हणजे आळीपाळीने हात फिरवत पोहणाऱ्यांचे होते. मी समुद्रात ब्रेस्टस्ट्रोकच, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारते, म्हणून हे लिहायला घेतलं. "काकू, स्पर्धेत हे ब्रेस्टस्ट्रोक चालतं का?" असं किनाऱ्यावर कुणीतरी विचारतंच. चालतं. सागरी शर्यती फ्रीस्टाइल म्हणून होतात आणि फ्रीस्टाइलमध्ये वाटेल तो प्रकार पोहायची मुभा असते. कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून गेले ते ब्रेस्टस्ट्रोकनेच, २१ तास ४५ मिनिटांत. वेग कमी, हे मान्य. पण दर हाताला डोकं वर येतं, समोरची खूण दिसते, लाटही येताना दिसते. क्रॉलवाल्यांना तेवढ्यासाठी मुद्दाम मान उचलावी लागते.

आता मुद्द्याचं. हा फुगा बनवणाऱ्याने ब्रेस्टस्ट्रोकची लाथ बघितलेलीच नाही. क्रॉलमध्ये पाय सरळ मागे असतात, वरखाली हलतात, फुगा त्यांच्यावर निवांत तरंगतो. आपल्या टाचा मात्र आधी ढुंगणाकडे येतात, मग पावलं बाहेर वळतात, मग गोल फिरून एकमेकींना भेटतात. सोबत आलेली पट्टी जेमतेम दीड हाताची. म्हणजे फुगा बरोबर मांड्यांवर, आणि टाचा वर आल्या की थाड! दुखत नाही, पण लय जाते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये लाथेनंतर शरीर लांब करून घसरायचं असतं, नेमकं तेव्हाच कुणीतरी मागून टपली मारल्यासारखं होतं.

पट्टी आखडून फुगा कमरेवर आणला तर आणखी वाईट, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कंबर वरखाली होते आणि फुगा पाठीवर नाचत बसतो. उपाय उलटा आहे, पट्टी लांब करा. बाजारातल्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून तशीच नायलॉनची पट्टी आणली, बकल जुनंच ठेवलं आणि लांबी एवढी घेतली की पाय पूर्ण ताणल्यावरही फुगा पावलांच्या वीतभर मागे राहील. आता पाय पट्टीखालून फिरतात. कमरेचा पट्टाही बेंबीच्या रेषेत नको, खाली, माकडहाडाच्या जरा वर बांधा. वर बांधला तर तो सरकत सरकत फासळ्यांपर्यंत येतो आणि खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते. तिथे आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन हवंच.

लांब पट्टीचाही एक त्रास आहे, तो वाऱ्याचा. मी रत्नागिरीजवळ भाट्याला पोहते. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, त्यामुळे आत जाताना फुगा वाऱ्याने पुढे ढकलला जातो, पट्टी सैल पडते आणि एखादा वेढा पावलात येतो. अशा वेळी दोन-तीन लाथा जोरात मारायच्या, पट्टी पुन्हा ताणली जाते. परतताना वारा समोरून, फुगा आज्ञाधारकपणे मागे. पण तेव्हा सूर्य सुरूच्या बनावरून थेट डोळ्यांत, म्हणून काळ्या काचेचा गॉगल घ्या. तो खर्च फ्लोटपेक्षा आधी करा, असंच मी म्हणेन.

दिसण्याच्या बाबतीत पैसे वसूल. आमचे हे काठावर थर्मास घेऊन बसतात. त्यांचं म्हणणं, डोकं पहिल्या लाटांपलीकडेच हरवतं, फुगा मात्र शेवटपर्यंत दिसतो. राजिवड्याच्या होड्या खाडीतून बाहेर पडतात त्यांनाही दिसतो. फक्त एकदा होडीतून आवाज आला, "ओ काकी, आमाला वाटलं जाळ्याचा बोया सुटला!" हसले खरी, पण मुद्दा बिनचूक होता. जाळ्यांवर नारिंगी बोये असतात तिथे पिवळाधमक किंवा गुलाबी घेतलेला बरा. आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाऊ नका. पाणी बाहेर ओढतं आणि फुगाही तुमच्याबरोबरच जातो. धाप लागली की त्याला धरून दम खाता येतो, पण ते लाइफ जॅकेट नव्हे.

पिशवीत चावी, टॉवेल, पाण्याची बाटली आरामात मावते. तोंडाला नीट तीन घड्या घातल्या तर आत ओल येत नाही. तरी मोबाइल मी वेगळ्या झिपच्या पाकिटात घालूनच ठेवते. सामान जड झालं की फुगा पाण्यात रुततो आणि ओढ जाणवते, तेव्हा पिकनिक भरू नका.

स्पर्धेत लावायचा का? मालवणच्या चिवला किनाऱ्यासारख्या ठिकाणी शर्यत सुटते तेव्हा सगळे एकदम पाण्यात शिरतात. त्या गर्दीत तुमची पट्टी दुसऱ्याच्या हातात अडकणार, आणि आपली लाथ रुंद असल्याने कुणाच्या तरी बरगडीत बसणार. आयोजकांनी सक्ती केली नसेल तर फ्लोट सरावापुरता ठेवा, आणि फ्लोट असो-नसो, सुरुवात कडेने करा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण हवा भरायच्या झडपेसाठी कापला. तिचं बूच मऊ प्लास्टिकचं आहे आणि मीठ साचलं की घट्ट बसत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बूच उघडं ठेवून सावलीत वाळवा. बाकीचा एक गुण त्या दीड हाताच्या पट्टीला.