एडिंबराच्या पोटातली गल्ली: मेरी किंग्ज क्लोजचं तिकीट काढावं का?

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या रॉयल माइलवर, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, भुताटकीच्या सहलींचे फलक पावलोपावली दिसतात. त्यातलं एकच तिकीट काढायचं असेल, तर मेरी किंग्ज क्लोजचं काढावं. सतराव्या शतकातली खरीखुरी घरं, त्यांच्या भिंती आणि मूळचा तीव्र उतार इथे जागच्या जागी आहे. भूत भेटण्याची आस धरून जाणाऱ्याचा मात्र विरस होण्याची शक्यता जास्त.

क्लोज म्हणजे मुख्य रस्त्यावरून दरीकडे उतरणारा अरुंद बोळ. या बोळाला जिचं नाव आहे ती मेरी किंग 1630च्या दशकातली, कापडाचा व्यवसाय करणारी विधवा. 1753 मध्ये इथे रॉयल एक्स्चेंजची, म्हणजे आजच्या सिटी चेंबर्सची (नगरपालिकेच्या मुख्यालयाची) इमारत उभारायला सुरुवात झाली. घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे मजले नव्या इमारतीचा पाया म्हणून तसेच ठेवले. त्यामुळे बोळ जमिनीखाली गेला, पण ओस पडला नाही. करवती बनवणारा अँड्र्यू चेस्नी 1902 पर्यंत इथे होता. पर्यटकांसाठी हे ठिकाण 2003 मध्ये खुलं झालं.

फेरी साधारण तासाभराची. त्या काळच्या रहिवाशाच्या वेशातला मार्गदर्शक गटाला खोलीखोलीतून नेतो. एकट्याने फिरता येत नाही. सांगणं जिवंत असतं, पण स्कॉटिश उच्चार आणि घुमणारा आवाज यामुळे मागे राहिलेल्यांना निम्मं कळत नाही. प्रत्येक खोलीत पहिल्या काही जणांत शिरा आणि मार्गदर्शकाच्या समोर उभे राहा.

सगळ्यात मोलाचा भाग 1645च्या प्लेगचा. रोग्यांना घरात जिवंत चिणून मारलं, ही कथा आजही बाहेर सर्रास सांगतात. ती खोटी आहे. घरात अडकवून ठेवलेल्या कुटुंबांना नगरपालिका अन्न आणि कोळसा पुरवत होती आणि अनेक रोग्यांना शहराबाहेरच्या माळावर झोपड्यांत हलवलं होतं. पहिला प्लेग डॉक्टर स्वतःच प्लेगने गेला. त्याच्या जागी आलेला जॉर्ज रे पायघोळ चामडी झगा आणि चोचीचा मुखवटा घालून गाठी फोडायचा आणि जखम तापलेल्या लोखंडाने डागायचा. रोग दूषित हवेने पसरतो असं समजून चोचीत सुगंधी वनस्पती भरलेल्या असत. त्याला वाचवलं असेल तर बहुधा चामड्याने, कारण त्यातून प्लेग पसरवणाऱ्या पिसवा चावू शकत नाहीत. हे सगळं त्या बुटक्या, कोंदट खोलीत उभं राहून ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्यासाठी भुताची गरज पडत नाही. इथे भिंतीकडे निरखून पाहा: गिलाव्यात मिसळलेले प्राण्यांचे केस अजून दिसतात.

‘अॅनीची खोली’ मात्र मला सर्वांत कच्ची वाटते. 1992 मध्ये आयको गिबो या जपानी अतींद्रियवादी बाईंना इथे एका दुःखी लहान मुलीचं अस्तित्व जाणवलं आणि त्यांनी तिच्यासाठी बाहुली ठेवली. तेव्हापासून लोक बाहुल्या आणि खेळणी ठेवत आले. जमणारे पैसे लहान मुलांच्या मदतीसाठी जातात, ही गोष्ट चांगलीच. पण अशी मुलगी होती याचा कागदोपत्री आधार नाही. त्यापेक्षा जुनी भुताची कथा 1685 साली छापली गेली: कोल्टहार्ट नावाच्या भाडेकरूला इथे अधांतरी मुंडकं आणि तुटलेला हात दिसला म्हणे. बोळाची बदनामी मुळात तिथून सुरू होते, आणि ऐकायची असेल तर हीच ऐकावी.

जाण्याआधी एवढं पाहा. पायऱ्या बऱ्याच आहेत, जमीन ओबडधोबड, उजेड मंद. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना नेऊ नका; कोंडल्यासारखं होणाऱ्यांनीही विचार करावा. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आत फोटो काढता येत नाहीत. फेरीत त्यांचेच लोक फोटो काढतात आणि शेवटी विकतात, घेण्याची सक्ती नसते. बाहेर ऊन असलं तरी आत गारवा असतो, जॅकेट हवंच. ऑगस्टमध्ये शहरात महोत्सव असतो, तेव्हा तिकीट आधी ऑनलाइन काढलं नाही तर दारातून परत फिरावं लागतं.

ज्यांना निव्वळ भीतीच हवी, त्यांनी साउथ ब्रिजखालच्या तळघरांकडे वळावं. हा पूल 1788 मध्ये खुला झाला. 19 कमानींपैकी आज एकच उघडी दिसते, बाकीच्यांच्या पोटात खोल्या आहेत. वरून पाणी झिरपणं थांबवण्याची सोय न केल्यामुळे कारागीर आणि व्यापारी निघून गेले आणि गरिबांनी आसरा घेतला. जमीन आजही ओली असते. पाय घसरतो, म्हणून पकड असलेले बूट घाला. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी याच तळघरांत लोकांना फिरवून त्यांचे अनुभव नोंदवले. भुताटकीची म्हणून ख्यात असलेल्या खोल्यांतच विचित्र अनुभव जास्त आले, तेही ती ख्याती आधी माहीत असो वा नसो. पण त्या जागांचा संबंध उजेडासारख्या साध्या गोष्टींशी लागला. तेव्हा मार्गदर्शक दिवा विझवतो त्या क्षणी छातीत धडधडलं, तर ते अगदी स्वाभाविक आहे.

ग्रेफ्रायर्स चर्चचं दफनस्थान दिवसा फुकट पाहता येतं. ‘कव्हेनंटर्स प्रिझन’ हा भाग मात्र कुलूपबंद असतो आणि रात्रीच्या सहलीबरोबरच उघडतो. 1679 मध्ये इथे शेकडो कव्हेनंटर्स, म्हणजे चर्चवरचा राजाचा ताबा नाकारणारे धार्मिक कैदी, उघड्यावर डांबले होते. ज्या मॅकेंझीचं भूत आत ओरबाडतं म्हणतात, त्या सरकारी वकिलानेच त्यांच्यावर खटले चालवले; त्याची घुमटाकार समाधी कुलपाबाहेर आहे, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही.