‘अर्ध्या तासात मदत’: रस्त्यावरील मदतीच्या ॲपचा गढीजवळ आलेला अनुभव

वाटेत गाडी बंद पडल्यास मोबाईलमधील ॲपवरून मेकॅनिक किंवा क्रेन मागवून देणाऱ्या एका नव्या कंपनीने माझी फसवणूक कशी केली, हे मी तपशीलवार लिहीत आहे, कारण बीड-जालना भागातील पेट्रोल पंपांवर टेबल मांडून या कंपनीची माणसे अजूनही सभासद करून घेत आहेत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे नेले असल्याने कंपनीचे नाव देत नाही. पण पैसे काढण्याची पद्धत अशी आहे की नाव बदलून उद्या दुसरे कोणीही ती वापरू शकेल.

वार्षिक सभासदत्व १,४९९ रुपयांचे होते. हातात दिलेल्या पत्रकावर ‘भारतात कोठेही, अर्ध्या तासात, ५० किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत’ असे ठळक छापले होते. छत्रपती संभाजीनगरहून बीडला परतत असताना गेवराईच्या पुढे, गढी या गावाजवळ, दिवेलागणीच्या सुमारास गाडीचा अल्टरनेटरचा बेल्ट तुटला. वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालत असल्याने बघता बघता इंजिन तापले आणि गाडी तशीच पुढे रेटण्याची सोय राहिली नाही. सोबत वयस्कर आई होती. बीड तीस किलोमीटरच्या आत होते, म्हणजे पत्रकातील शब्दाप्रमाणे मला एक रुपयाही द्यावा लागायला नको होता.

ॲपवर मागणी नोंदवताच नकाशावर क्रेनचे छोटे चित्र दिसू लागले आणि खाली ‘२५ मिनिटे’ अशी वेळ आली. हे चित्र मी बराच वेळ पाहत होतो. ते महामार्गाने येत नव्हते. गोदावरीच्या बाजूने शेतशिवार ओलांडत, रस्ता असो वा नसो, सरळ रेषेत सरकत होते आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर आले की पुन्हा मागे जात होते. अशी कोणतीही क्रेन तेव्हा निघालेलीच नव्हती, हे नंतर उघड झाले. आपल्याकडे मदत येते आहे असे वाटले की माणूस दुसरीकडे फोन करत नाही, आणि या चित्राचे काम तेवढेच असते.

त्यानंतर कंपनीतून फोन आला. आपण ‘शहरी सेवाक्षेत्राच्या’ बाहेर असल्याने २,८०० रुपये महामार्ग अधिभार भरावा लागेल, तो सात दिवसांत परत मिळेल, आणि भरला नाही तर मागणी रद्द होऊन पुन्हा रांगेत थांबावे लागेल, असे अत्यंत नम्र आवाजात सांगण्यात आले. पैसे भरण्यासाठी व्हॉट्सॲपवर जो क्यूआर कोड आला, तो स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. त्याबद्दल विचारले असता ‘ते आमचे विभागीय भागीदार आहेत, सर’ असे उत्तर मिळाले. अंधार पडला होता, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि आईला गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे बसवले होते; मी पैसे भरले.

रात्री उशिरा जी क्रेन आली ती गेवराईचीच होती. चालकाने गाडी चढवण्याआधीच विचारले, ‘‘पैसे तुम्हीच देणार ना, दादा? मला आत्ताच फोन आलाय. अठराशे गिऱ्हाईक देईल म्हणाले.’’ मी भरलेल्या रकमेची पावती दाखवली तेव्हा तो म्हणाला, ‘‘ह्यांचे मागचेच पैसे आले नाहीत बघा. तुमची अडचण कळते मला, पण डिझेल तर माझंच जळणार.’’ त्याच्यावर माझा राग नाही. त्याचा नंबर कंपनीने इंटरनेटवरून उचललेला होता आणि त्याच्याशी कसलाही करार नव्हता. बीडला गॅरेजपाशी मी त्याला रोख १,८०० रुपये दिले आणि गाडीच्या नंबरासह सही केलेली पावती घेतली. पुढे सर्वांत उपयोगी पडला तो हाच कागद.

परताव्याचे पैसे बँकेत न येता ॲपमधील ‘वॉलेट’मध्ये गुण म्हणून जमा झाले, आणि ते गुण फक्त सभासदत्वाच्या नूतनीकरणासाठी वापरता येतात. अटींच्या पानावर, बरेच खाली, कंपनी ‘केवळ मध्यस्थ’ असल्याचे आणि मोफत अंतर क्रेन जेथून निघते तेथून, येण्याजाण्यासह मोजले जाईल असे लिहिलेले आहे. याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे १,४९९ रुपये भरतानाच यूपीआयवर ऑटोपेची, म्हणजे पुढची रक्कम खात्यातून आपोआप कापण्याची, मंजुरी घेतली गेली होती. रक्कम कापण्यापूर्वी बँकेचा पूर्वसूचनेचा संदेश आला म्हणून ते लक्षात आले. यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या विभागात जाऊन ती मंजुरी कोणालाही स्वतः रद्द करता येते. सभासद झालेल्यांनी आजच तपासून घ्यावे.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो. मात्र राज्य मार्गांसाठी किंवा गावच्या रस्त्यांसाठी तो नाही. वाहन विम्यात रस्त्यावरील मदतीची जादा सुविधा (ॲड-ऑन) घेतलेली असेल, तर वेगळे ॲप घेण्याची गरज सहसा नसते. व्यक्तीच्या नावाच्या कोडवर पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावे, कारण वेळ गेला की रक्कम गोठवणे अवघड होते. ऑनलाइन विक्रीसंबंधीच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे बंधनकारक आहे. मला पोचही मिळाली नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर मात्र कंपनीला एकाएकी माझी आठवण झाली. ॲपवर मी लिहिलेला अभिप्राय काढून टाकल्यास २,८०० रुपये परत करू, असा निरोप आला. तो मी मान्य केला नाही आणि निरोपाची प्रत तक्रारीला जोडली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे कंपनीचा पत्ता पुण्याचा असूनही तक्रार मी बीडच्या जिल्हा आयोगात दाखल केली आहे. क्रेनचालकाने आपल्या थकलेल्या पैशांबद्दल लेखी जबाब देण्याची तयारी दाखवली आहे. या भागातील ज्या क्रेनमालकांची किंवा सभासदांची रक्कम अशीच अडकली असेल, त्यांनी पावत्या आणि नकाशाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.