आठशे कॅलरींचे बारा आठवडे, आणि त्यानंतरचे आठ महिने

संक्रांत झाली आणि दोनच दिवसांनी, १६ जानेवारी २०२५ ला, मी जेवण बंद केलं. 'डाएट सुरू केलं' म्हणत नाही, कारण जेवण खरंच बंद होतं. जेवणाऐवजी घ्यायच्या पावडरीची दिवसाला चार पाकिटं, एकेक साधारण २०० कॅलरींचं, पाण्यात घुसळून प्यायचं. सोबत काकडी किंवा उकडलेला कोबी, बिनदुधाचा चहा आणि अडीच लिटर पाणी. असे बारा आठवडे. आता डिसेंबर आलाय, म्हणून लिहायला बसले. मार्चमध्ये लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं, जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या दिल्या असत्या.

आधी माझं माप सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचं ताडून बघता येईल. वय ४९, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो. बीएमआय ३२ च्या वर, आणि आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठ धरतात. मधुमेह तीन वर्षांचा, दोन गोळ्या चालू, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.६. पाळी जायच्या बेतात, कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत. त्याआधी दीक्षित आहार चार महिने केला होता. पाच किलो उतरलं आणि गणपतीत मोदकांबरोबर परत आलं. तो दोष आहाराचा नव्हता, माझा होता.

इतक्या टोकाला का गेले? डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं काम समजावून सांगितलं म्हणून. तिथले प्रा. रॉय टेलर यांचं म्हणणं असं, की पोटाभोवती साठलेली चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात शिरते आणि तिथलं काम बिघडवते. ती झपाट्यानं काढली, तर मधुमेह मागे हटू शकतो. २०११ मध्ये त्यांनी ११ जणांना आठ आठवडे रोज ६०० कॅलरींवर ठेवलं, तर उपाशीपोटीची साखर पहिल्याच आठवड्यात ठिकाणावर आली. मग २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: ३०६ रुग्ण, मधुमेह सहा वर्षांच्या आतला. साधारण ८५० कॅलरींच्या पेयांवर तीन ते पाच महिने राहिलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानं गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. हा ८६ चा आकडा मी फ्रिजवर चिकटवला. पुढचे आकडे चिकटवले नाहीत: अख्ख्या गटाचं ४६ टक्क्यांचं प्रमाण दोन वर्षांनी ३६ टक्के, आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात १३. हे सगळं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, एवढंच.

एक गोष्ट ठळक सांगते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. त्यातली ग्लिमेपिराइड चालू ठेवून ८०० कॅलरींवर राहिले असते, तर साखर धाडकन खाली आली असती. बीपीच्या गोळीचंही तसंच, वजन उतरायला लागलं की बीपी उतरतं आणि माणूस उभ्याउभ्या गरगरतो. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी माझं बघून पाकिटं परस्पर मागवली आणि गोळ्या चालूच ठेवल्या. पाचव्या दिवशी त्यांना शेजाऱ्यांनी साखरपाणी पाजून शुद्धीवर आणलं. पाकीट कुणालाही मिळतं, म्हणून कुणीही ते घ्यायचं असं नसतं.

आता अनुभव. पहिले चार दिवस वाईट. डोकं असं दुखायचं की पंखा नको, उजेड नको. चिमूटभर मीठ घातलेलं गरम पाणी प्यायले की जरा बरं वाटायचं. पाचव्या दिवसापासून मात्र भूक जी पळाली, ती पळालीच. यावर माझाही विश्वास बसला नव्हता. हातपाय गार पडायचे, तोंडाला एक विचित्र वास यायचा, पोट साफ व्हायला रोज इसबगोल लागायचं. पण भूक? नाही. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, "अगं, दूध पिऊन कुठं माणूस जगतंय व्हय? हे कसलं व्रत म्हणायचं?" मी म्हणायचे, एकादशीपेक्षा बरं, तिथं दुप्पट खाशी होतं. आमच्याकडे साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट ज्या हातानं पडतं, ते बघता हे खोटं नाही. १४० ग्रॅम शेंगदाण्यांत माझ्या अख्ख्या दिवसाच्या कॅलरी बसतात.

खरी कसोटी ओट्यापाशी होती. कोल्हापूरचं घर, रविवारी तांबडा-पांढरा होणारच, आणि करणार मीच. चव न घेता मीठ घालायचं! पहिल्या रविवारी पांढरा रस्सा खारट झाला, तेव्हा ह्यांनी काही न बोलता लिंबू पिळून घेतलं. दुसऱ्या रविवारपासून चव बघायची ड्यूटी लेकाकडे गेली. पाडवा अकराव्या आठवड्यात आला. श्रीखंड घरात होतं, मी गुढी उभारली, नैवेद्य दाखवला आणि माझं चॉकलेटचं पाकीट घुसळलं. अभिमान वाटला होता त्या दिवशी. आता तो जरा पोरकट वाटतो, पण वाटला होता.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी वजन ६४.९. साडेतेरा किलो गेले होते. एचबीए१सी ५.९, गोळी एकही नाही. गुडघे दुखायचे थांबले, घोरणं थांबलं. ही शेवटची बातमी मला ह्यांच्याकडून कळली.

खर्चाचं बोलायचं तर पाकिटांवर पन्नास हजारांच्या वर गेले, तपासण्या वेगळ्या. एक माणूस जेवत नसल्यानं किराणा कमी झाला का? अजिबात नाही.

पण माझी तक्रार पाकिटांबद्दल नाहीच. ते बारा आठवडे सोपे होते, कारण ठरवायचं काहीच नव्हतं. अवघड सुरू झालं १० एप्रिलपासून, परत जेवायला लागल्यावर. ठरल्याप्रमाणे दोन आठवडे एक जेवण आणि तीन पाकिटं, मग दोन जेवणं आणि दोन पाकिटं, असं हळूहळू सोडवत आणायचं होतं. एप्रिल म्हणजे आंबे. ताटात एक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, कोशिंबीर, आणि समोर आमरसाचं पातेलं. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भूक लागली. सकाळच्या भुकेसारखी नाही ती, आतून ओरबाडणारी. एकदा रात्री अकराला उभ्यानं तीन भाकऱ्या कांदा-लसूण चटणी आणि तेलाबरोबर खाल्ल्या, आणि ओट्यापाशीच रडले. डॉक्टर म्हणाले, शरीर गमावलेलं परत मागतंय, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. हे वाक्य मला फेब्रुवारीत हवं होतं. पाकिटं विकणाऱ्यांकडून दर आठवड्याला फोन यायचा, तोही बरोबर बाराव्या आठवड्यानंतर बंद झाला. ज्या काळात फोनची गरज होती, तेव्हा तो नव्हता.

मेच्या शेवटी एका लग्नात जेवून आले आणि रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की वाकता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे निघाले. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि खाण्यात स्निग्ध पदार्थ नसले की पित्ताशय नीट आकसत नाही, पित्त साचून राहतं. चाळिशीपुढच्या बायकांना हा धोका तसाही जास्त असतो. अजून ऑपरेशन केलेलं नाही, तळकट टाळते, जानेवारीत परत सोनोग्राफी आहे. विकणाऱ्यांच्या चकचकीत पुस्तिकेत खड्यांबद्दल एक ओळ होती, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला खडे आहेत का?" मी नाही म्हटलं होतं. नंतर आई म्हणाली, "माझे नाही का काढले, तू नववीत होतीस!"

केस चौथ्या महिन्यात गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर रोज पुंजका. सहा महिन्यांनी थांबले, आता कपाळाजवळ लहान मुलांसारखं लव आलंय. याची मला तितकीशी भीती वाटली नाही. ताकदीची वाटली. पाणी भरलेली कळशी उचलताना हात थरथरायला लागले. चरबीबरोबर स्नायूही जातात आणि या वयात ते आपोआप परत येत नाहीत. पाकिटात प्रथिनं होती, पण मी त्या बारा आठवड्यांत नुसती रंकाळ्याला फेरी मारत होते, वजन उचलायचं काम केलंच नाही. जूनपासून आठवड्यातून तीनदा घरीच, आधी पाण्याच्या बाटल्या, आता पाच किलोचे डंबेल. हे पहिल्या आठवड्यापासून करायला हवं होतं.

आता माझं मत. मधुमेह नवा असेल, अंगावर बरंच वजन असेल आणि गोळ्या कमी-जास्त करणारा डॉक्टर सोबत असेल, तर याचा विचार जरूर करा. पोराच्या लग्नात पैठणी चापून बसावी म्हणून करणार असाल तर नका. आधी पित्ताशयाची सोनोग्राफी करा, आईला विचारून घ्या. आणि बारा आठवड्यांची तयारी करू नका, तेराव्याची करा. ऑफिसमधली मैत्रीण विचारते, तू हे सुरू केलंस आणि दोन महिन्यांत साखर आणि वजन उतरवणारं मौंजारोचं इंजेक्शन भारतात आलं, थांबली असतीस तर? माहीत नाही. तिचं इंजेक्शन चालू आहे, भूक गप्प आहे, पण महिन्याचा खर्च ऐकला की माझी बोलती बंद होते, आणि सोडल्यावर काय, हा तिचा प्रश्नही माझ्या एप्रिलसारखाच आहे.

आजचं वजन ६८.२. म्हणजे सव्वातीन किलो परत आलंय. गेल्या आठवड्यातला एचबीए१सी ६.२, गोळ्यांशिवाय. डॉक्टरांनी एक रेघ आखून दिली आहे: काटा ७० वर गेला की दोन आठवडे परत पाकिटं. गणपतीनंतर ७०.३ झालं होतं, तेव्हा एकदा करून झालं. फडताळाच्या वरच्या कप्प्यात अजून सहा पाकिटं उरली आहेत. सगळी व्हॅनिलाची. चॉकलेट लेकानं संपवलं.