लिनक्सवर नोड बसवताना: एपीटी की एनव्हीएम?

उबुंटू किंवा डेबियनवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बसवायचा म्हटलं की आधी एपीटी, म्हणजे सिस्टिमचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर, आठवतं आणि मग कोणीतरी एनव्हीएमचं, म्हणजे नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं, नाव काढतं. माझं दोन्ही वापरून झालंय.

एपीटीवर सगळे जुनेपणाचा ठपका ठेवतात, आणि तो खोटा नाही. उबुंटू २२.०४ मध्ये नोड १२ मिळायचा; उबुंटू बाहेर पडल्यावर नवव्या दिवशी, ३० एप्रिल २०२२ ला, त्या नोडची सपोर्टची मुदत संपली. २४.०४ मधल्या नोड १८ चीही एप्रिल २०२५ मध्ये संपली. नोडसोर्सची रिपॉझिटरी (नोडच्या नव्या आवृत्त्यांचा साठा) एपीटीला जोडली की हा प्रश्न मिटतो. आणि खरं सांगू? जुनेपणाने माझं फारसं काही अडलं नव्हतं.

मला छळलं ते परवानग्यांनी. एनपीएमने (नोडच्या पॅकेज मॅनेजरने) ग्लोबल, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं नसलेलं, पॅकेज टाकायला गेलं की ते सिस्टिमच्या फोल्डरात जाणार, तो फोल्डर रूटचा (अ‍ॅडमिन खात्याचा), म्हणजे समोर 'ईअ‍ॅक्सेस', परवानगी नसल्याची एरर. एकदा घाईत सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, ते टाकून मोकळा झालो. दोन दिवसांनी साधं, प्रोजेक्टपुरतं इन्स्टॉलही अडलं. बघतो तर माझ्याच होम फोल्डरातल्या डॉट-एनपीएम फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली! चाउन करून (मालकी बदलून) त्या सोडवल्या आणि पुढच्या घाईत पुन्हा तीच चूक केली. एनपीएमचा प्रिफिक्स (ग्लोबल पॅकेजं ठेवायची जागा) होममध्ये वळवता येतो म्हणा, पण तेवढी खटपट करायचीच तर एनव्हीएम काय वाईट?

एनव्हीएमचा सगळा संसार होममध्ये. प्रोजेक्टच्या डॉट-एनव्हीएमआरसी फाइलीत नुसतं '२०', म्हणजे नोडची आवृत्ती, लिहून ठेवलं की 'एनव्हीएम यूज' म्हणायचं, झालं. खोडी त्यातही आहेत. टर्मिनल उघडताना किंचित रेंगाळतं. नवी आवृत्ती घेतली की जुन्या आवृत्तीतली ग्लोबल पॅकेजं आपोआप येत नाहीत. आणि क्रॉन, ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन! रात्रीची स्क्रिप्ट चाललीच नाही, कारण एनव्हीएम बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीतून जागं होतं आणि क्रॉन ती फाइल वाचत नाही. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) नोडचा आवृत्तीसकट पूर्ण पाथ लिहिला. काही महिन्यांनी ती आवृत्ती काढून टाकली आणि स्क्रिप्ट परत बंद.

त्यामुळे सर्व्हरवर सिस्टिमडी या सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेखाली एकच अ‍ॅप चालवायचं असेल तर मीही बहुधा एपीटीच म्हणेन, नोडसोर्ससकट. ज्या मशीनवर रोज कोड लिहायचा तिथलं तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या लॅपटॉपवर नोडसाठी सुडो शेवटचं कधी टाइप केलं, ते मात्र मला आठवत नाही.