आरसी खरी, तरी गाडी जप्त

पंधरा-वीस वर्षं जुनी प्राडो किंवा लँड क्रूझर, हिमाचलचा नंबर, भाव बाजारापेक्षा बराच कमी. एजंट सांगतो, ‘लष्कराच्या लिलावातली आहे.’ तुम्ही एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकता. मालक, इंजिन, विमा सगळं जुळतं. बहुतेक लोक इथेच फसतात. ॲपवर दिसते ती आरटीओची नोंद. गाडी देशात कोणत्या वाटेने आली, आयात शुल्क भरलं का, हे त्यात नसतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’मध्ये अशा ३६ गाड्या ताब्यात घेतल्या. (भूतानच्या जोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे गाडी.) भूतानमधून शुल्क चुकवून आणायच्या, लष्कर आणि दूतावासांच्या नावाने बनावट कागद करायचे आणि दुसऱ्या राज्यात नोंदणी उरकायची, असा आरोप आहे. चित्रपट अभिनेत्यांच्या घरीही झडत्या झाल्या.

वापरलेली गाडी आयात करण्याचा सर्वसाधारण नियम कडक आहे: बनून तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची, आणि तीही फक्त मुंबई बंदरातून. जुनी गाडी भूतानच्या सीमेवरून या नियमात बसूच शकत नाही. पण हीच मॉडेलं भारतात अधिकृतपणेही विकली गेली आहेत, म्हणून रस्त्यावर पाहून संशय येत नाही.

आरसीवर उत्पादनाचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख शेजारी ठेवून बघा. गाडी २००८ ची आणि पहिली नोंदणी २०१९ ची असेल तर तिथेच थांबा. आयात म्हणून विकत असतील तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद, मागा. त्याचा नंबर, तारीख आणि बंदर आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर तपासता येतं, पण बिल खरं असणं पुरेसं नाही. त्यात याच गाडीचा चॅसिस नंबर हवा. तो नंबर पाटीवर नव्हे, चॅसिसवर कोरलेला वाचा. भोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढे बोलू नका. लिलावाची म्हणत असतील तर विक्रीपत्र घेऊन लष्कराच्या संबंधित डेपोला लेखी विचारा.

‘फॉर्म २८ ची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी आरटीओचं ना-हरकत पत्र) आणून देतो, महाराष्ट्रात पासिंग होईल,’ या एजंटच्या बोलण्यावर विसंबू नका. एनओसी मिळाली, इथला कर भरला, एमएच नंबर लागला, तरी चुकवलेलं शुल्क नियमित होत नाही. कस्टम्स गाडी नेतं ती तुमच्या दारातून, आणि रोखीत दिलेल्या पैशांचा पुरावा तुमच्याकडे नसतो. टोकनसुद्धा बँकेतून द्या, आणि करारात चॅसिस नंबर लिहून घ्या.