एचएफ की जर्सी? सांगोल्याच्या उन्हात ठरवताना

गोठ्यात पुढची दोन-चार जनावरं कुठली आणावीत, असं विचारणारे बहुतेक जण मनात एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन गाय, धरूनच विचारतात. त्यात गैर काही नाही. बाजारात भरल्या कासेची काळी-बांडी गाय उभी असली की माझेही पाय आधी तिकडंच वळतात. मी एचएफ संकरित अकरा वर्षं सांभाळल्या, जर्सी संकरित सहा वर्षं, आणि दोन्हींनी मला वेगवेगळ्या वेळी रडवलंय. एचएफ लिटर जास्त देते, जर्सीची फॅट जास्त, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडून बोलतो.

माझी थोरली बहीण जुन्नरकडं दिलीय. दाजींच्या गोठ्यात एकाच गाईला एकाच एचएफ वळूची कांडी (कृत्रिम रेतनाची नळी) लागोपाठ दोन वेळा भरली आणि दोन्ही वेळा कालवडच झाली. धाकटी त्यांनी मला दिली. आई तीच, बाप तोच. दुसऱ्या वेताला दाजींच्या दावणीची थोरली २४ लिटरवर होती. माझ्याकडची धाकटी थंडीत २० पर्यंत गेली आणि एप्रिल लागला तशी १३ वर आली. थोरलीही उन्हाळ्यात उतरली, पण दोनेक लिटरच. सख्ख्या बहिणींचंही रक्त तंतोतंत सारखं नसतं, आणि एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी दाजींकडं बारमाही मका आणि लसूणघास आहे, माझ्याकडं मंगळवेढ्याकडचा मालदांडी ज्वारीचा कडबा, बॅगेतला मुरघास आणि फेब्रुवारीनंतर विकतचं पाणी. कांडीवरच्या वळूला हे कुणी सांगितलेलं नसतं.

एका जातीच्या गाईगाईंत दुधाचा जो फरक पडतो, त्यात रक्ताचा वाटा ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश धरतात. उरलेला चारा, पाणी, हवा, गोठा आणि धार काढणाऱ्याचा. फॅटच्या टक्क्यात मात्र रक्ताचा वाटा याहून बराच मोठा असतो. मला याचा अर्थ असा लागला, की जर्सी आपली फॅट बरीचशी बरोबर घेऊन येते, एचएफचे लिटर मात्र गोठ्याला कमवावे लागतात. (कडबा कमी केला तर जर्सीचीही फॅट पडते, हे भोगून झालंय.)

एचएफ मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या गार कुरणांतली. २५ अंशांच्या वर पारा गेला की तिला जड जायला लागतं. आमच्याकडं मे महिन्यात ४० सहज होतात. चारा पोटात आंबतानाच ऊब तयार होते. जास्त दुधाची गाय जास्त खाते, म्हणजे तिच्या आतली भट्टीही मोठी. ती थंड करायला धापण्यापलीकडं तिच्या हातात एकच उपाय, खाणं कमी करणं. मग दूध आटतं, माज मुका जातो, म्हणजे लक्षणं दिसतच नाहीत, आणि भरलेली गाय उलटते, गाभ न राहता परत माजावर येते. जर्सीचा देह लहान, वजनाच्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं ऊब लवकर बाहेर पडते. तीही परदेशीच, उन्हाचा त्रास तिलाही होतो. पण कमी.

माझा निर्णय मात्र लिटरवर झालाच नाही. तो झाला दुपारच्या धापेवर.

चैत्र-वैशाखात बारा वाजले की एचएफ उभीच राहते, बसत नाही. मान लांब, तोंड उघडं, जिभेवरून लाळेची तार जमिनीपर्यंत. बरगड्या भात्यासारख्या चालतात. पंखे लावले, पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर लावले, पण वस्तीवरची लाईट नेमकी दुपारी जायची. पंखा बंद पडला की फॉगरचं पाणी उलटं अंगावर येतं, कारण वारं नसलं की पत्र्याखाली दमट कोंदटा होतो आणि गाय जास्तच धापते. मग बादलीनं पाणी मारायचं, ओली पोती पाठीवर टाकायची, सुकली की परत. बारा ते चार कुणीतरी घरी हवंच. सलग तीन वर्षं लग्नसराईत मी एकाही मांडवात अक्षता पडेपर्यंत थांबलो नाही. सख्ख्या चुलत्याच्या मुलीच्या लग्नातून पंगत सोडून उठलो, तेव्हा चुलते म्हणाले, "तुझ्या गाईला पण पत्रिका द्यायला पाहिजे होती." लोक हसले, मीही हसलो, पण पुढच्या महिन्यात एक एचएफ विकली.

जर्सीची तक्रारही सांगतो, नाहीतर वकिली केल्यासारखं होईल. व्याल्यावर कॅल्शियम उतरून आडवी पडण्याची खोड हिला जास्त. रात्री दोनला मान पोटाकडं वळवून पडलेली, कान गार पडलेली गाय पाहिली की पायाखालची जमीन सरकते. कॅल्शियमची बाटली चढवली की बहुतेकदा तासाभरात उठते, पण डॉक्टर जवळ हवा. दुसरं, संकलन केंद्रावर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) हा दराचा पाया. त्याच्या वर जाणाऱ्या फॅटला आमच्याकडं मिळणारी वाढ इतकी किरकोळ असते, की लिटरची कसर सगळी भरून निघत नाही. विकायला काढली तर एचएफ कालवडीला गिऱ्हाईक दारात येतं, जर्सीला आपण शोधायचं.

एचएफच घ्यायची ठरली, तर एक तपासा: तिच्यात एचएफ किती पिढ्या भरलंय. देशी गाईला पहिली कांडी भरली की निम्मं रक्त, तिच्या कालवडीला पुन्हा भरली की ७५ टक्के, नंतर साडेसत्त्याऐंशी. आजीची देशी खिलार सोडून आम्ही तिथपर्यंत चढत गेलो, आणि प्रत्येक पिढीला दावणीची सावली तेवढीच राहिली. निम्म्या रक्ताची गाय आमच्या उन्हात सगळ्यात धडधाकट होती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीतही एचएफ निम्मंच आहे, उरलेल्यात जर्सी आणि गीर पाव-पाव. मी ती ठेवलेली नाही, पण हिशोब पटतो.

तुमच्याकडं बारमाही पाणी, हिरवा चारा, इन्व्हर्टर आणि दुपारी घरी माणूस असेल, तर दाजींसारखी एचएफ ठेवा, माझं ऐकू नका. यातलं एक जरी कमी असेल तर, माझं चुकतही असेल, पण जर्सी संकरित बघा; आणि पैसा कांडीच्या आधी सावलीवर घाला.

धाकटी अजून माझ्याकडं आहे. मागच्या खेपेला तिला जर्सी भरली. कालवड काळपट तपकिरी झाली. दाजींनी फोटो पाहून "रंग घालवला पाहुणे तुम्ही" म्हणून ऐकवलं. ती अजून दुधात नाही, त्यामुळं तुलना खरी नव्हे, पण परवा दुपारी दीडला कालवड कडुनिंबाखाली बसून रवंथ करत होती आणि आई शेजारी उभी होती, जीभ बाहेर काढून.