शील्डहॉल, साउथॅम्प्टन: वाफेचं जहाज अन् बिनपगारी चालवणारी माणसं

लातूर, धाराशिव, बीडकडचे ज्यांचे लेक-लेकी इंग्लंडला आहेत अन् उन्हाळ्यात जे दोन-तीन महिने तिकडं जाऊन राहतात त्यांच्यासाठी लिहायलोय. लंडनचा राजवाडा बघालच, पण साउथॅम्प्टनच्या गोदीत एसएस शील्डहॉल नावाचं जहाज आहे, त्याची फेरी चुकवू नका. माझी अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली त्यामुळं जावयांनी मुद्दाम हेच तिकीट काढलं, आणि मी पाचपैकी पाच देतोय ते वाफेवर प्रेम आहे म्हणून देतोय असं समजा, पण माझ्या बायकोलाही तेवढंच आवडलं अन् तिला इंजिनाशी काही देणंघेणं नाही.

आधी हे जहाज कशाचं ते ऐका. १९५५ साली स्कॉटलंडमधल्या रेनफ्रूला लॉबनिट्झ कंपनीनं बांधलं, ग्लासगो महानगरपालिकेसाठी, आणि काम काय तर शहराच्या सांडपाण्याचा गाळ समुद्रात नेऊन टाकायचा. हो, मैल्याचं जहाज! पण त्याच जहाजावर वरच्या बाजूला प्रवाशांना बसायला चांगला दिवाणखाना केलेला, उन्हाळ्यात ग्लासगोच्या म्हाताऱ्या माणसांना फिरवून आणायचे. ही पद्धत त्यांच्याकडं पहिल्या महायुद्धापासूनची, तेव्हा जखमी सैनिकांना हवापालटाला असंच गाळाच्या जहाजावरून न्यायचे. १९७६ ला ते बंद पडलं, मग साउथॅम्प्टनकडच्या पाणी खात्यानं घेतलं अन् १९८५ पर्यंत तेच काम केलं. नंतर भंगारातच जायचं, पण १९८८ ला काही लोकांनी संस्था काढून २० हजार पौंडाला विकत घेतलं. राजाचं नाही, लढाईतलं नाही, गाळ वाहणारं जहाज वाचवावं असं कुणाला तरी वाटलं, मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटली.

आता इंजिन रूम. फेरी चालू असताना तुम्हाला खाली जाऊ देतात, चालत्या इंजिनाजवळ! जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश उतरा, आणि गरम होतं खाली, पण आपल्याला मे महिन्याची सवय आहे. दोन इंजिनं आहेत, ट्रिपल एक्स्पान्शन म्हणतात ती, म्हणजे बॉयलरची वाफ आधी लहान सिलेंडरमध्ये, तिथून दाब कमी होऊन मधल्यात, मग सगळ्यात मोठ्या सिलेंडरमध्ये, एकच वाफ तीनदा कामाला लावायची, शेवटी कंडेन्सरमध्ये तिचं पाणी करून परत बॉयलरला. टायटॅनिकवरची मोठी इंजिनं पण ह्याच जातीची होती. आपल्याकडं टर्बाइन, सगळं झाकलेलं, आत काय फिरतंय दिसत नाही. इथं कनेक्टिंग रॉड खालीवर होताना, क्रँक फिरताना उघडं दिसतं, आणि एवढं लोखंड हलत असून आवाज किती कमी, शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं. बॉयलर स्कॉच पद्धतीचे, तेलावर चालणारे. ह्यात आगीचा जाळ नळ्यांतून जातो आणि पाणी बाहेरून, आपल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडावरच्या बॉयलरमध्ये उलटं, नळीत पाणी अन् बाहेर जाळ.

तिथं एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ निळ्या डगल्यात उभे होते. रॉड वर यायची वेळ धरून ते हात पुढं करायचे, बोटांच्या मागच्या बाजूनं बेअरिंगला एक टप्पू द्यायचे अन् हात मागं. गरम झालंय का बघायला. दर फेऱ्याला तेच, न चुकता, मग तेलाच्या कॅनचा एक थेंब. मला एवढा आनंद झाला काय सांगू, कारण आमच्या कारखान्यातले जुने अण्णा पंपाचं बेअरिंग असंच बघायचे. लेकीला मधे घालून बोललो तर कळलं की हे संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक. विश्वस्त म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खुर्ची, सत्कार, शाल-श्रीफळ येतं. हे विश्वस्त गंज खरवडतात, रंग मारतात, वर अनुदानाचे अर्ज, हिशेब, विमा, सर्व्हे हे पण त्यांच्याच डोक्यावर, अन् पगार शून्य. कॅप्टनपासून चहा देणाऱ्या बाईपर्यंत सगळे तसेच.

आणि हे काम एकदा करून संपत नाही बरं का. जहाज नुसतं धक्क्याला बांधून ठेवायचं असतं तर रंग मारून भागलं असतं, पण माणसं घेऊन समुद्रात जायचं म्हटल्यावर ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत घालून तळाच्या पत्र्याची जाडी मोजा, जिथं झिजलाय तिथं कापून नवा बसवा, बॉयलरची तपासणी वेगळी. आपल्याकडं बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर काय धावपळ असते ते कारखान्यातल्या माणसाला विचारा, आणि कारखान्यात तर हाताखाली पगारी माणसं असतात.

गावाकडं आल्यावर जुन्या सोबत्यांना चहाच्या टपरीवर मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. फिटर तात्यांनी दोनदा बघितला अन् विचारलं, "पगार नाही म्हणता, मग कामून करायलेत?" मी म्हणलं, "तात्या, तुम्ही रिटायर झाल्यावर सिझनला बॉयलर पेटवायच्या दिवशी बिनबोलावता कामून येत होता?" तात्या हसले, म्हणले, "हां, ते बरोबर आहे." मग विषय बार्शी लाईटवर, आपल्या जुन्या छोट्या रेल्वेवर गेला. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला सुरू झाली, पुढं लातूरपर्यंत आली, अडीच फुटाच्या रुळावर वाफेचं इंजिन, आमच्यातल्या सगळ्यांनी त्यात प्रवास केलेला. ब्रॉडगेज झालं ते पाहिजेच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक इंजिन वाफेवर चालतं ठेवायला लातूरची दहा रिटायर माणसं पुरली असती असं आता वाटतं, फिटर होते, वेल्डर होते, बॉयलर अटेंडंट होते. आमच्या कारखान्यातला वाफेवरचा जुना फीड पंप, बॉयलरला पाणी देणारा, तर आमच्या डोळ्यादेखत भंगाराच्या टेम्पोत गेला. अजून एक तसाच पंप जुन्या शेडमागं पडलाय, तात्या म्हणले चेअरमनकडं अर्ज करू, अर्ज मी लिहितोय.

जाणाऱ्यांसाठी: फेऱ्या उन्हाळ्यातच असतात अन् थोड्या असतात, त्यामुळं तिकडं पोचायच्या आधीच लेकाला बुकिंग बघायला सांगा. डेकवर वारं लई असतं, स्वेटर न्या, बायकांनी साडीवर बूट घालावेत. वर ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन जिथून जहाज चालवतो तिथं पण जाऊ देतात. जाताना दानपेटी दिसेल, तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून तिच्यापुढून तसंच जाऊ नका, पत्रा त्याच पैशातून बसतो.